अण्णा, बॉयलरनं एअर धरली होती

ती. अण्णा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर काही धड सांगताच आलं नाही, आवाज तुटत होता आणि आईनं मधेच रडायला सुरुवात केली, म्हणून लिहून पाठवतेय. दादाला सांगा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला, अण्णांना मोबाईलवर वाचायचा त्रास होतो. आई, तू आधी एवढं वाच, आम्ही तिघं बरे आहोत, घर गरम आहे, चिनू माझ्यासमोर नुसत्या टीशर्टवर खेळतोय. आता अण्णांनी विचारलं होतं ना की नक्की काय बिघडलं होतं आणि तू काय केलंस, ते पहिल्यापासून सांगते.

इकडे अमेरिकेतल्या ह्या मेन राज्यात निम्म्याच्या आसपास घरं तेलावर गरम होतात, आमचं बँगोरचं घरही त्यातलंच. आणि हे तेल म्हणजे जवळजवळ आपलं डिझेलच हो अण्णा, फक्त लाल रंग घातलेलं, कारण गाडीच्या डिझेलवर रस्त्याचा टॅक्स असतो आणि ह्याच्यावर नसतो, कुणी गाडीत भरलं तर लगेच कळावं म्हणून रंग. तळघरात लोखंडी टाकी आहे २७५ गॅलनची, म्हणजे १०४० लिटरच्या आसपास. टँकरवाला बाहेरच्या पाइपला नळी लावून भरतो, भरताना आतली हवा बाहेर पडते तिची शिट्टी वाजत राहते आणि शिट्टी थांबली की टाकी भरली. टाकीतून तांब्याची बारीक नळी फिल्टरमधून बर्नरला जाते, बर्नर बॉयलरचं पाणी तापवतो आणि ते पाणी खोल्याखोल्यांतून भिंतीच्या तळाशी पाइपमधून फिरतं.

मंगळवारी पहाटे चारला थंडीनं जाग आली. बाहेर उणे २१, घरात ११. हे कामासाठी बोस्टनला गेलेले, घरात मी आणि चिनू. तळघरात गेले तर बॉयलर गार, आवाज नाही काही नाही. आधी साधी साधी गोष्ट बघितली, थर्मोस्टॅटचे सेल बदलले, आकडा चांगला वर नेऊन ठेवला, मग जिन्याच्या तोंडाशी एक लाल प्लेटचं बटण असतं ते बघितलं, ते आग लागली तर बॉयलर बंद करायचं बटण असतं पण लाइटचं समजून पुष्कळ जण चुकून बंद करतात, आमचं चालूच होतं. ब्रेकरही पडलेला नव्हता. म्हणजे करंट होता. बर्नरवर मात्र रीसेटचं लाल बटण वर आलेलं होतं, म्हणजे ह्यानं पेटायचा प्रयत्न केला, पेटलं नाही, आणि स्वतःला बंद करून घेतलं.

ते एकदाच दाबलं. मोटर फिरली, ठिणगीचा चर्र आवाज आला, पण जाळ नाही, आणि ४५ सेकंदांनी खटकन बंद. ह्याच्यात एक डोळा असतो अण्णा, कॅडमियमचा छोटा सेल, उजेड पडला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो आणि कंट्रोलला कळतं की जाळ धरला. उजेड दिसला नाही तर कंट्रोल सगळं बंद करतो. आमचा जुना आहे म्हणून ४५ सेकंद थांबतो, नवे १५ सेकंदांतच बंद करतात.

आणि इथे मी हात आवरला. थंडी वाजत असते, पोरगं वर झोपलेलं असतं, असं वाटतं अजून एकदा दाबू, अजून एकदा दाबू. पण तेल येत असेल आणि ठिणगी नसेल, तर प्रत्येक दाबण्याला आत न जळलेलं तेल फवारलं जातं, ते साचत राहतं, आणि मग कधीतरी ठिणगी पडली की सगळं एकदम पेटतं, बॉयलरचं दार उघडतं, धुराड्याचा पाइप सुटतो आणि घरभर काजळी. हे घर घेतलं तेव्हाच शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी मला तळघरात नेऊन हे बजावलं होतं. पेटला तर एका दाबण्यात पेटेल, नाही पेटला तर कारण शोध, असं.

तेलाच्या कंपनीला फोन लावला. एवढ्या थंडीत सगळीकडूनच फोन चाललेले, दुपारच्या आधी माणूस येणार नाही म्हणाले. तोवर थांबता आलं असतं पण भीती आमची नव्हती, पाइपांची होती. भिंतीच्या कडेचं पाणी गोठलं की पाइप फुटतात आणि मग बॉयलर चालू होऊनसुद्धा घर भिजतं. म्हणून सगळे नळ बारीक धारेनं सोडून ठेवले, सिंकखालची कपाटं उघडी टाकली, चिनूच्या खोलीत विजेचा हीटर लावला, तोही थेट भिंतीच्या प्लगमध्ये, एक्स्टेंशनवर नाही. गॅसच्या शेगडीवर घर तापवायचं नाही हे आई तुला मुद्दाम सांगते, कारण तू फोनवर तेच सुचवत होतीस, बंद घरात तो धूर न दिसणारा असतो आणि माणूस झोपेतच जातो.

मग टाकीकडे बघितलं. गेज पाव टाकी दाखवत होतं. पण मला आठवलं की दोन आठवड्यांपूर्वीही ते पावच दाखवत होतं, आणि ह्या दोन आठवड्यांत बर्नर रात्रंदिवस चाललाय. मग आई जशी बाजारात मडकं टिचकी मारून घेते तशी मी टाकीला वरून खालपर्यंत टिचक्या मारत गेले. तेल असतं तिथे आवाज बद्द येतो. वरपासून पार तळापर्यंत खणखणीत. गेजचा तरंगता गोळा अडकला होता आणि टाकी रिकामी होती, रोज बघायला हवं होतं ते मी बघितलं नाही, ही चूक माझी.

आणि अण्णा, त्या क्षणाला मला आपला मळा आठवला. ऊस वाळायला लागलेला, लाइट नाही म्हणून किर्लोस्करचं इंजिन लावलेलं, रात्री अकराला डिझेल संपून बंद पडलं, तुम्ही कॅन ओतलात, मी हँडल मारायला धावले तर तुम्ही म्हणालात थांब, त्यानं एअर धरलीय, नळीत हवा शिरली की डिझेल पुढे जात नाही, आधी एअर काढायची. मी बॅटरी धरून उभी, तुम्ही फिल्टरचा स्क्रू ढिला केलात, फुसफुस करत फेस आला, तुम्ही फडकं धरलंत आणि म्हणालात फेस थांबून सलग धार येईपर्यंत आवळायचं नाही. मी तेव्हा आठवीत असेन. तळघरात उभी राहून मला तुमचा तो आवाज ऐकू आला, खरंच सांगते.

सहा वाजता शेजारच्या आजी चिनूजवळ येऊन बसल्या, आजोबांनी दोन पिवळे कॅन दिले (इकडे डिझेलचा कॅन पिवळा, पेट्रोलचा लाल, रॉकेलचा निळा, म्हणजे घोटाळा होत नाही, आणि पेट्रोल तर ह्यात चुकूनही घालायचं नाही). पंपावरून साधं गाडीचं डिझेल आणलं, १० गॅलन, ते ह्या बर्नरला चालतं. बाहेरच्या पाइपमधून नरसाळं लावून ओतलं आणि अर्धा तास थांबले, कारण टाकीच्या तळाला गाळ असतो, वरून धार पडली की तो ढवळून निघतो आणि सरळ फिल्टरमध्ये जातो.

मग जिन्याजवळचं बटण बंद केलं. बर्नरच्या पंपावर एक छोटी बोंडी असते एअर काढायची, तिला पारदर्शक नळी लावून दुसरं टोक बाटलीत सोडलं, पान्यानं बोंडी एक आटा ढिली केली, बटण चालू केलं, रीसेट दाबलं. आता तुम्ही म्हणाल मघाशी दाबू नको म्हणत होतीस, पण बोंडी उघडी असताना तेल नोझलकडे, म्हणजे फवारा मारणाऱ्या तोंडाकडे, जात नाही, बाटलीत येतं, म्हणून तेव्हा चालतं. पहिल्या ४५ सेकंदांत नुसती हवा. थोडं थांबून परत. दुसऱ्यांदा लालसर फेस, थुंकल्यासारखं. तिसऱ्यांदा फेस फेस आणि मग एकदम सलग धार, एक बुडबुडा नाही. मोटर चालू असतानाच बोंडी आवळली आणि भस्स करून जाळ धरला, तो आवाज ऐकून मी तिथेच पायरीवर बसले. आजोबा वरून ओरडले झालं का, मला उत्तरच देता येईना.

दुपारी कंपनीचा माणूस आला, चांगला माणूस होता. त्यानं फिल्टर उघडला तर आत काळा चिखल, तो बदलला, नोझल बदललं, ठिणगीच्या काड्या पुसून त्यांचं अंतर लावलं, गेज नवीन बसवलं, धुराड्यात यंत्र घालून जाळ नीट आहे का बघितलं. एअर मीच काढली हे कळल्यावर त्यानं विचारलं कुणाकडून शिकलात, मी सांगितलं वडिलांकडून, उसाच्या शेतात. त्याला समजावून सांगायला दहा मिनिटं लागली.

तुम्ही प्रेशर विचारलं होतं. इंजिनच्या नोझलला दोनशे किलोच्या आसपास लागतं ना, इथे फक्त सात किलो, कारण ह्याला दाबून पेटवायचं नसतं, नुसता फवारा करायचा, पेटवायला ठिणगी आहे. मोटर एकच, तीच पंखा फिरवते आणि तीच पंप. जुनं नोझल मी मागून घेतलं, करंगळीच्या पेराएवढं आहे, त्यावर ०.८५ आणि ८० असे आकडे आहेत, म्हणजे तासाला ०.८५ गॅलन तेल, सव्वातीन लिटर धरा, आणि फवाऱ्याचा कोन ८० अंश. आपलं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला लिटरभर पितं तरी तुम्ही कुरकुर करायचात, इथल्या हिवाळ्याचं बिल तुम्हाला सांगत नाही. ते नोझल रॉकेलनं पुसून कागदात गुंडाळून ठेवलंय, मेमध्ये येताना आणते.

दादा म्हणत होता शेडमधलं इंजिन भंगारात घालायचं चाललंय, मोटर बसवल्यापासून नुसतं पडून आहे म्हणून. अण्णा, निदान मेपर्यंत थांबवा त्याला. चिनूला त्याची एअर काढून दाखवायचीय, तुमच्या हातानं. फिल्टरजवळच्या त्या स्क्रूचा एक फोटो दादाकडून पाठवा, चिनू रोज विचारतोय आजोबांचा स्क्रू कसा असतो म्हणून.

आईचे गुडघे कसे आहेत ते लिहा.

तुमची,
ताई