४४ डिग्री म्हणजे नेमकं किती?

संपादक साहेब, नमस्कार.

गेले काही दिवस तुमच्या वाचकांच्या पानावर हवेचा वाद चालू आहे, राहायला गरम मुलुख बरा का थंड, आणि बहुतेक पत्रं एकाच सुरात आहेत की विदर्भात आता राहणं शक्य नाही, रिटायर झालं की पुणं गाठा, पोरगं बंगलोरला असेल तर सरळ तिकडे जा. मी नागपूरची, जन्म इथला, नोकरी इथली, आणि मला विचाराल तर मला आमचा उन्हाळाच बरा वाटतो. हसू नका, कारणं सांगते.

आमचं ऊन कोरडं असतं. मे महिन्यात दुपारी पारा ४४ वर जातो तेव्हा हवेत दमटपणा १५ टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून कमी. घाम आला की तिथल्या तिथं वाळतो, आणि घाम वाळतो म्हणूनच तर अंग थंड राहतं ना. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं तर ४४ डिग्री आणि १५ टक्क्यांना ते साधारण २३ दाखवतं, आणि हा आकडा जितका खाली तितका घामाला अंग गार करायला वाव. आता मुंबई घ्या, ३४ डिग्री आणि ७० टक्के दमटपणा, तिथं तेच ओलं फडकं २९ च्या वर जातं. म्हणजे पेपरात मुंबई आमच्यापेक्षा १० डिग्रीनं थंड आणि घामाच्या हिशोबानं ६ डिग्रीनं गरम. माझी बहीण डोंबिवलीला असते, तिच्याकडे मे मध्ये गेलं की आंघोळ करून अंग पुसेपर्यंत परत घाम, आणि तीच मला फोनवर विचारते, तुम्ही तिकडे जगता कसे गं! पाणी मात्र पीत राहावं लागतं हे खरं, कोरड्या उन्हात घाम दिसत नाही, तहान लागायची वाट बघत बसलात तर ऊन लागलंच समजा.

कूलरचं गणितही हेच, ताटीवरचं पाणी वाळतं म्हणून हवा गार होते. मार्च संपता संपता कूलर गच्चीवरून खाली येतो, आतून गंज खरवडून रंग मारायचा, मागच्या वर्षीच्या ताट्या काढून फेकायच्या, नवीन वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक काड्यांच्या, बसवायच्या, ऐपत असेल तर खसच्या, पंप हमखास जाम झालेला असतो तो हातानं फिरवून सुटा करायचा. नव्या ताटीवर पहिलं पाणी पडलं की घरभर जो वास सुटतो तो मी कुठल्याही एसीच्या बदल्यात द्यायला तयार नाही. पण कूलर खिडकीत लावला की समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, आलेली हवा बाहेर गेली पाहिजे, नाहीतर खोलीत नुसती ओल साठते. हे नवीन फ्लॅट बांधणाऱ्यांना कोणी सांगत नाही, एकच खिडकी, तिलाही सरकती काच, मग कूलर चिपचिप करतो म्हणून लोक एसी घेतात आणि बिल आलं की सूर्याला शिव्या. आमच्याकडे खरे हाल मे मध्ये होतच नाहीत, ते होतात पहिल्या पावसानंतर, जूनच्या शेवटी, तेव्हा पारा ३८ वर उतरलेला असतो, पेपर लिहितो विदर्भाला दिलासा, आणि घरात कूलर बंद पडल्यासारखा नुसता गरम ओला वारा फेकतो.

आणि ऊन काय नुसतं सोसायची गोष्ट आहे का हो? मे मध्ये काटोल-वरुडकडे जाऊन बघा, मृग बहार धरणारे शेतकरी संत्र्याच्या झाडांना ताण देत असतात, पाणी तोडलेलं, पानं सुकायला लागलेली, बाहेरच्या माणसाला वाटतं बाग मेली. तो ताण बसला आणि मग मृगाचा पाऊस झाला की झाड फुलतं, ते फळ पुढं फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतं. मे मध्येच अवकाळी पाऊस येऊन हवा छान गार झाली की शहरात लोक भजी तळतात आणि तिकडे ताण तुटला म्हणून बागवाला डोक्याला हात लावून बसतो. घरातही तेच, कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या, वर्षभराची मिरची, सगळं गच्चीवर दोन-तीन उन्हात कडकडीत होतं. शाळाही आमच्या बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटी. नवतपात, म्हणजे २५ मे पासूनचे ते नऊ दिवस, दुपारी बारा ते चार कोणी कोणाच्या घरी जात नाही आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. डोक्याला दुपट्टा, घरात माठ, कैरीचं पन्हं, सकाळी सातला बाजार. सगळं टाईमटेबल उन्हाच्या हिशोबानं लागलेलं आहे. आणि हिवाळा विचारू नका, २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ वर उतरला होता. आमदार मंडळी अधिवेशनाला डिसेंबरातच येतात, ते उगीच नाही. इंग्रज तरी काय वेगळे होते, राजधानी नागपूर आणि उन्हाळा लागला की सगळं सरकार पचमढीला!

आता गोड हवेबद्दल. बंगलोर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर आहे, नागपूर ३०० च्या आसपास, दर हजार मीटरला ६ डिग्रीच्या वर फरक पडतो, बंगलोरच्या थंडाव्याचं मोठं कारण ही उंची, मान्य. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये तिथंही ३९.२ झालं आणि तिथल्या कितीतरी घरांत तेव्हा साधा कूलर नव्हता, गरजच कधी पडली नव्हती. इंग्लंडचं बघा, १९ जुलै २०२२ ला तिथं ४०.३ डिग्री झालं, आमच्याकडे एप्रिलात हा आकडा आला तर कोणी मान वर करून बघत नाही, तिकडे मात्र रेल्वेचे रूळ वाकले, गाड्या रद्द झाल्या. घरं बहुतेक ऊब धरून ठेवायला बांधलेली, कार्पेट, छताला पंखा नाही. माझा भाचा मँचेस्टरला आहे, तो तेव्हा बायको-पोरांना घेऊन सुपरमार्केटमध्ये जाऊन उभा राहायचा, फ्रीजच्या रांगेत. आणि एरवी डिसेंबरात त्याच्याकडे आठ वाजून गेल्यावर उजाडतं, चारच्या आत मावळतं, सरकारच सांगतं हिवाळाभर व्हिटॅमिन डी घ्या. मे-जूनमध्ये स्वर्ग असतो म्हणतो, असेल बुवा. मी जाऊन आले, छान आहे, पण सूर्य दिसला की लोक ऑफिस सोडून बागेत येऊन झोपतात हे बघितल्यावर मला त्यांची कीव आली, खोटं कशाला सांगू.

उन्हाचं कौतुक मी करते कारण माझ्याकडे कूलर आहे, नळाला पाणी येतं आणि दुपारी मला कुठं जायचं नसतं, हे मला कळतं. टिनाच्या छताखाली राहणाऱ्याला, सिमेंट रोडचं काम करणाऱ्या बाईला, सिग्नलवर उभ्या पोलिसाला हे पत्र वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. आणि आमचा उन्हाळा पहिल्यासारखा राहिलेला नाही हेही खरं, दुपारचं ऊन तेच आहे, बिघडल्यात रात्री. पूर्वी मातीच्या जाड भिंती आणि वर कवेलू, म्हणजे कौलं, अंगणात पाणी मारलं की नऊ-दहाला खाटेवर झोप लागायची. आता रस्ते सिमेंटचे, अंगण सिमेंटचं, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत ती धग घरात सोडत राहतो. अंगाला रात्री सुटका मिळाली नाही की दुसऱ्या दिवसाचं तेच ऊन भारी पडतं, म्हाताऱ्यांना तर फारच.

म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही रोज पहिल्या पानावर कमाल तापमान छापता, चंद्रपूर ४५, अकोला ४४, ब्रह्मपुरी ४५, मॅचचा स्कोअर छापल्यासारखं, आणि पुण्या-मुंबईचे लोक तेवढं वाचून ठरवतात कुठं राहण्यासारखं आहे आणि कुठं नाही. अहो, हवामान खातंसुद्धा सगळीकडे एक पट्टी लावत नाही, उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० च्या पुढं, किनाऱ्याला ३७ च्या पुढं आणि डोंगराळ भागात ३० च्याच पुढं सुरू होतो. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानात भर उन्हात कार्यक्रम झाला, डझनाहून जास्त माणसं उष्माघातानं गेली, तेव्हा तिथला पारा ४० च्या आतच होता. आमच्या पट्टीनं तो बरा दिवस होता.

तेव्हा कमाल तापमानाच्या शेजारी दुपारचा दमटपणा आणि रात्रीचं किमान तापमान हे दोन आकडे त्याच मोठ्या टाईपात छापा, आतल्या पानावर कोपऱ्यात नको. किमान ३० च्या खाली उतरलंच नाही तर बातमी त्याची करा, ४५ झालं याची नंतर. रात्र गरम गेली हे सकाळी पेपरात दिसलं तर साईटवरचा ठेकेदार दुपारची सुट्टी देईल असा माझा भ्रम नाही, पण निदान मजुराच्या बाजूनं बोलणाऱ्याच्या हातात काहीतरी राहील. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्य बारीक टाईपात घाला, आमच्या घरी ते तसंही भिंग घेऊनच वाचतात.

आपली,
एक जुनी वाचक, नागपूर