टेकडीची वाट मातीचीच राहू द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये खारघरच्या एका ज्येष्ठ नागरिकांचं पत्र होतं. टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना मागून येणाऱ्या सायकलींची भीती वाटते, सायकलींमुळे वाटही उखडली आहे, तेव्हा सायकलींना बंदी करावी आणि वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवावेत, अशी त्यांची मागणी होती. त्यांची भीती खरी आहे, आणि ती दूर करणं हे आम्हा सायकल चालवणाऱ्यांचं काम आहे. पण पेव्हर ब्लॉकनं वाटही जाईल आणि चालणाऱ्यांची सोयही होणार नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे पत्र.

मी खारघरला राहते आणि माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ४८. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी पळणं बंद करायला सांगितलं, सायकल चालेल म्हणाले. दिवाळीनंतर मी माउंटन बाइक घेतली. म्हणजे या विषयात मी अगदी नवी आहे. पण नव्या माणसाला वाटेतला एकेक दगड दिसतो, तो चुकवल्याशिवाय त्याला पुढे जाताच येत नाही. वाट कशी आहे आणि ती कशानं बिघडते हे मला त्यामुळेच कळलं.

माझा एक जुना विद्यार्थी बरीच वर्षं डोंगरात सायकल चालवतो. सायकल त्यानंच निवडून दिली. पुढे सस्पेन्शन, मागे नाही, २९ इंची चाकं, डिस्क ब्रेक. सुरुवातीचे रविवार त्यानं मला टेकडीवर नेलंच नाही, सेक्टरातल्या एका रिकाम्या प्लॉटवरच सराव करून घेतला. दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून सीटवरून उठायचं, कोपर आणि गुडघे सैल, ब्रेकवर फक्त एकेक बोट. चढ समोर आल्यावर गिअर बदलायचा नाही, यायच्या आधीच हलका करून ठेवायचा, नाहीतर चेनवर ताण येतो आणि आपण जागच्या जागी थांबतो. टायरमधली हवासुद्धा रस्त्यासाठी वेगळी आणि मातीसाठी वेगळी. डांबरावर ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठीक, मातीत माझ्या वजनाला ३०च्या आसपास, कारण थोडं मऊ टायर दगडावर उडत नाही, त्याला धरून जातं.

मग टेकडी. चढावर मी सवयीनं उभी राहिले, तर मागचं चाक मुरमावर नुसतं फिरायला लागलं. "बाई, बसा, सीटच्या पुढच्या टोकाला बसा, अंग हँडलकडे झुकवा," असं तो मागून सांगत होता. बसले, आणि चाकानं पकड घेतली. मागच्या चाकावर वजन नसेल तर ते फिरणार आणि पुढच्या चाकावर नसेल तर ते उचललं जाणार. या दोन्हींच्या मधली बसायची एक जागा असते, ती शरीराला सापडावी लागते. ती पहिल्यांदा सापडली तेव्हा झालेला आनंद मी किती वर्षांत अनुभवला नव्हता, ते सांगता येणार नाही.

उतार त्याहून अवघड. आपल्याकडे खाली काळा पाषाण आणि त्यावर सुट्या मुरमाचा थर असतो, ट्रेकवाले त्याला घसारा म्हणतात. त्यावरून उतरणं म्हणजे अंगणात सांडलेल्या ज्वारीवर पाय देणं. तिथे पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक सरकतं, आणि अजिबात दाबला नाही तर थांबता येत नाही, कारण थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. म्हणून सीट खाली करायची, अंग मागे घ्यायचं आणि दोन्ही ब्रेक हलक्या हातानं, दाबत-सोडत वापरायचे. "पुढच्या चाकाकडे बघू नका बाई, जिथे जायचंय तिथे बघा." हे वाक्य त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता उतार सुरू झाला की ते आपोआप ऐकू येतं. आणि ते खरं आहे. खड्ड्याकडे बघितलं की सायकल खड्ड्यात जाते, वळणापलीकडच्या झाडाकडे बघितलं की वळण घेते.

या उतारावर हळूहळू येताना वाट नीट बघायला मिळाली. पत्रलेखक म्हणतात तशी ती काही ठिकाणी खरंच उखडली आहे, आणि त्यात सायकलींचाही हात आहे. मागचा ब्रेक घट्ट आवळून, चाक लॉक करून घसरत येणारी मुलं मातीत सरळ चर पाडतात. हे थांबलं पाहिजे. पण सर्वांत खोल चर सायकलींचे नाहीत. रविवारी या वाटेवर मोटारसायकली वर नेल्या जातात. चढावर माझ्यासारखी बाई जोर लावून शंभर-दीडशे वॉट शक्ती लावते, तर शंभर सीसीची मोटारसायकल सहा हजार वॉटच्या घरात. ती सगळी एका चाकावर येते आणि सुट्या मुरमात ते चाक जमीन खणतं. अशा ठिकाणी माझी सायकल हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मध्यापर्यंत, रुतली आहे.

त्याहून मोठं कारण पाणी. इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वाट उताराला सरळ उभी असली की पाणी तिलाच ओहळ करून टाकतं. माउंटन बाइकच्या वाटा बांधणारे लोक एक साधा नियम पाळतात, आणि गणिताची शिक्षिका म्हणून तो मला फार आवडला. वाटेचा चढ डोंगराच्या स्वतःच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि एकूण वाटेचा सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास असावा, म्हणजे शंभर मीटर चालल्यावर दहा मीटर उंची. शिवाय वाटेची दरीकडची कड पाचेक टक्के खाली झुकलेली ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून धावत नाही, वाट ओलांडून निघून जातं. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात समपातळी चर खणतात त्यांच्यामागेही हाच विचार आहे, पाण्याला उताराच्या दिशेनं पळू द्यायचं नाही.

चाफेवाडी-फणसवाडीच्या बाजूनं पाड्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटांनी उतरत आली, त्या बघा. त्या डोंगराला आडव्या, वळसे घेत जातात. सरळ उभ्या उतरणाऱ्या वाटा नंतरच्या आहेत, आम्ही शहरातल्यांनी वेळ वाचवायला पाडलेल्या. आणि आज वाहून गेल्या आहेत त्या बहुतेक याच.

आता पेव्हर ब्लॉकचं बघा. ते वाळूच्या थरावर बसवतात. सपाट फुटपाथवर ते टिकतात, पण उतारावर पहिल्याच पावसात पाणी फटींतून खाली शिरतं आणि वाळू घेऊन जातं. मग ब्लॉक डगमगतात, कडा वर येतात. श्रावणात त्यांच्यावर शेवाळ धरतं. मातीच्या वाटेवर घसरलेला माणूस मातीत बसतो, उतारावरच्या सिमेंटवर घसरलेल्या माझ्या वयाच्या बाईचं मनगट मोडतं. आणि गुळगुळीत वाट झाली की मोटारसायकली वाढतील, कमी होणार नाहीत. चालणाऱ्यांना शांतता हवी असेल तर त्यांनी ही मागणी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चालणाऱ्यांच्या भीतीबद्दल मात्र आम्हाला ऐकून घ्यायलाच हवं. एप्रिलमध्ये लाकडाची मोळी घेऊन एक मावशी उतरत होत्या. मी बऱ्याच अंतरावर थांबले आणि सायकलवरून उतरून बाजूला झाले. जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "घंटी वाजवत जा ग बाय. डोक्यावर मोळी असली की मागं बघता येत नाय." हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हेल्मेट, हातमोजे, पाणी, पंक्चरचं सामान, सगळं मी घेतलं होतं. घंटी नव्हती, कारण दुकानातून येणाऱ्या या सायकलींना ती बसवलेलीच नसते. मी त्याच संध्याकाळी बसवून घेतली. ही वाट त्यांच्या रोजच्या कामाची आहे. करवंदांची टोपली, मोळी, दूध, शाळेची मुलं, सगळं त्यावरून जातं. आमचा रविवार त्यानंतर येतो.

हा प्रश्न आपल्याकडेच पहिल्यांदा उभा राहिला आहे असंही नाही. हा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात १९७०च्या दशकात आकाराला आला. तिथली तरुण मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून उतरायची. १९७६ साली त्यांनी सुरू केलेल्या एका शर्यतीचं नाव 'रिपॅक'. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून ते नाव. पुढच्याच वर्षी खास या कामासाठी बनवलेली सायकल तयार झाली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. पण मधल्या काळात चालणारे आणि सायकलवाले यांच्यात इतकं बिनसलं की १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कितीतरी पायवाटा सायकलींना बंद झाल्या. त्यातून १९८८ साली माउंटन बाइक चालवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तिनं नियम केले. परवानगी असलेल्या वाटेवरच जा, मागे खूण ठेवू नका, वेग ताब्यात ठेवा, चालणाऱ्याला आधी जाऊ द्या, जनावरांना बिचकवू नका, तयारीनं निघा. आपल्याकडे भांडण अजून पत्रापर्यंतच आलं आहे. आत्ताच बोललो तर बंदीपर्यंत जायची गरज नाही.

माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली सायकलवाल्यांकडे. घंटी बसवा, माणूस दिसला की थांबा, वळणावर वेग कमी करा, चाक लॉक करून घसरू नका. पाऊस पडून गेल्यावर मुरूम ओला असताना वर जाऊ नका. टायरची खूण खोल उमटायला लागली की तिथूनच परत फिरा. आणि जिथे जंगल आहे तिथे डांबर सोडू नका. ठाण्याचं येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. उपवनहून वर जाणारा रस्ता सरावासाठी सुंदर आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना बिबट्याचं घर आहे, आणि तिथल्या आतल्या वाटा आमच्यासाठी नाहीत.

दुसरी मागणी महापालिका, सिडको आणि वनखातं यांच्याकडे. टेकडीची जमीन कुठे एकाची, कुठे दुसऱ्याची, म्हणून वाटेची देखभाल कुणाचीच नसते. मृग लागायच्या आत शहरात नालेसफाई होते. तशीच आठ दिवसांची कामं टेकडीच्या वाटेवर करावीत. सरळ उभ्या वाटांची तोंडं काट्यांनी बंद करायची, पाणी धरणाऱ्या जागी तिरपे दगड बसवून ते बाजूला काढायचं, पायथ्याशी दोन दगडी खांब असे रोवायचे की माणूस आणि मोळी जाईल, सायकल उचलून नेता येईल, मोटारसायकल सहज जाणार नाही. अंतर किती ठेवायचं ते काम करणाऱ्यांनी जागेवर मोजून ठरवावं. सिमेंटच्या एका पोत्याचीही गरज नाही.

तिसरी मागणी मुलांसाठी. पारसिकच्या डोंगरात तुर्भ्यापासून बेलापूरपर्यंत दगडखाणींनी खाल्लेली जमीन आहे. बंद पडलेल्या एखाद्या खाणीची सपाट, पाणी न साचणारी कड बघून तिथे शिकणाऱ्यांसाठी मातीचा ट्रॅक करता येईल. छोटे उंचवटे, कलती वळणं, एक बंद फेरा. त्याला पंप ट्रॅक म्हणतात. पेडल न मारता, फक्त हातापायांनी सायकल दाबत आणि उचलत त्यावर फिरतात, आणि तोल शिकायला याहून चांगली जागा नाही. ती जमीन आधीच उघडी-बोडकी आहे, तिथे तोडायला झाड नाही. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं जी गंमत टेकडीवर अंगाशी येईल अशा वेगानं शोधतात, ती त्यांना तिथे मिळेल आणि ज्येष्ठांची सकाळही निवांत राहील.

परवानगी मिळाल्यास दगड बसवायला आम्ही सायकल चालवणारे कुदळ-फावडी घेऊन येऊ. आदल्या पत्राच्या लेखकांना माझी विनंती आहे की त्यांनी एकदा आमच्याबरोबर टेकडीवर यावं आणि मागून सायकल आली की त्यांना दचकायला होतं ती वळणं दाखवावीत. कामाला तिथूनच सुरुवात करू.

आपली नम्र,
एक शिक्षिका
खारघर, नवी मुंबई