आमच्या गल्लीतल्या आशा सेविका ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र ह्यांना विचारून लिहितेय. "नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही," म्हणाले. मागच्या डिसेंबरात हेच टीबी हा शब्दसुद्धा घरात काढू देत नव्हते.

तुम्ही आला होतात मुलीचं लसीकरणाचं कार्ड बघायला. आतून खोकला ऐकू आला आणि तुमचं पेन थांबलं. "किती दिवस झाले?" मी म्हटलं, दिवाळीपासून, मागावर काम करतात, तूस छातीत जातं. इचलकरंजीत खोकल्याला तूस म्हटलं की कुणालाही पटतं. मला पटलं होतं, महिनाभर औषधाच्या बाटल्या बदलून देणाऱ्या डॉक्टरांनाही पटलं होतं. तुम्ही मात्र विचारतच राहिलात. संध्याकाळी कणकण येते का? रात्री घाम? पँट ढिली झालीय का? आदल्याच दिवशी मी त्यांच्या पँटीला कमरेत टाका घातला होता. माझ्या हातानं घातला, तरी लक्षात आलं नव्हतं.

"दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की बेडका तपासायचाच," म्हणालात आणि दोन डब्या दिल्यात. थुंकी नको, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका हवा. दुसरा सकाळी उठल्या उठल्या. आणि खोकायचं ते घराबाहेर, मोकळ्यावर. मशीनवर टीबी निघाला. टीबीच्या मुख्य औषधाला, रिफाम्पिसिनला, दाद देणारा आहे हेही त्यातच कळलं. तुम्ही "बरं झालं" म्हणालात, तेव्हा मला राग आला होता. नेहमीची औषधं लागू पडणार, हा त्याचा अर्थ नंतर समजला.

सासूबाईंनी त्याच दिवशी ह्यांची ताट-वाटी वेगळी केली. आणि थंडी होती म्हणून खिडकीच्या फटींत वर्तमानपत्र कोंबलेलं. तुम्ही ते एकेक करून उपसलंत. "आजी, ताटातून हा रोग जात नाही, हवेतून जातो. तुम्ही ताट वेगळं केलंत आणि हवा कोंडून ठेवलीत." मग खिडकी उघडलीत, ह्यांचं अंथरूण तिच्याखाली सरकवलंत, तोंडाला रुमाल बांधायला लावलात. ताई, घरात त्या दिवसापर्यंत सगळ्यांना लाज तेवढी वाटत होती, काळजी चुकीच्या जागी चालली होती.

वजन 46 किलो, म्हणून रोज 3 गोळ्या. लघवी लालसर होईल, घाबरू नका, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत, नाहीतर पहिल्याच दिवशी रक्त समजून गोळ्या फेकल्या असत्या. डोळे पिवळे दिसले तर मात्र वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. मुलीचा एक्स-रे काढलात. तिला टीबी नाही याची खात्री झाल्यावर तिलाही सहा महिने प्रतिबंधक गोळी सुरू केलीत. खात्यावर महिन्याला 1000 रुपये यायचे, त्यात अंडी आणि शेंगदाणे भागले.

खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात आली. गोळीतल्या चार औषधांची तीन झाली, खोकला गेला, वजन वाढलं आणि ह्यांनी मनाशी ठरवलं की आता पुरे. मला सांगितलं नाही. तुम्ही संध्याकाळी येऊन स्ट्रिपा मोजल्यात, चार दिवसांच्या गोळ्या जास्त निघाल्या. ओरडला नाहीत. पायरीवर बसून म्हणालात, "अर्धवट सोडला तर उरलेले जंतू हेच औषध पचवायला शिकतात. मग औषधं जास्त, महिने जास्त. आणि तुमची मुलगी तीच हवा घेते." त्यांनी तुमच्यासमोरच त्या दिवसाची गोळी घेतली. त्यानंतर एकही चुकली नाही.

आणखी एक. गल्लीत कुणी विचारलं की तुम्ही "बाळाच्या डोसाचं बघायला आले होते" म्हणायचात. सहा महिने एकाही दाराला आमची गोष्ट कळू दिली नाहीत. आम्हालाच सांगायची हिंमत यायला वेळ लागला. परवा ह्यांनी शेजारच्या मागावरच्या पोराला, तीन आठवडे खोकतोय म्हणून, स्वतःच डबी आणून दिली.

जूनमध्ये शेवटची गोळी झाली. बेडका साफ निघाला. डिसेंबरात पुन्हा तपासणी आहे. तुम्ही याल तेव्हा "घाई आहे" म्हणू नका, सासूबाईंनी तुमच्यासाठी भाकरी करायचं आत्ताच ठरवलंय.

तुमची,
कोपऱ्यावरच्या घरातली