शेजारच्या आजोबांना, सॅन कार्लोस

आजोबा,

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत माझे आभार 'थँक यू सो मच'च्या पुढे सरकत नाहीत. माझा मुलगा तुम्हाला वाचून अर्थ सांगेल. त्याने काही गाळलं तर कान धरा.

गेल्या वर्षी अमेरिकन फुटबॉलच्या एका कोचने सगळ्या मुलांसमोर त्याला सुनावलं, तुझ्या हातात बॉल टिकत नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, याला क्रिकेटला घाला. अहो, क्रिकेटमध्ये काय बॉल सोडून देतात? दोन महिने पोराने ग्लव्ह्जना हात लावला नाही.

मग तुम्ही कुंपणापलीकडून विचारलंत, फोर्टीनाइनर्स टीमचा, बॉल झेलण्यात नाव काढलेला जेरी राइस माहीत आहे का? त्याला आकड्यांतला राइस पाठ होता: वीस मोसम, १,५४९ झेल, ते झेलून कापलेले २२,८९५ यार्ड. तुम्ही सांगितलात तो १९८५ चा, नवखा. कँडलस्टिक स्टेडियमवर त्याच्या हातून बॉल सुटायचे आणि घरचेच प्रेक्षक हुर्यो उडवायचे. 'त्यांत मीही होतो,' असं तुम्ही कबूल केलंत. तिथेच पोरगं तुमचं झालं. त्याच डिसेंबरात राइसने रॅम्स टीमविरुद्ध एका रात्रीत २४१ यार्ड काढले, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत! आता आमच्या घरात भांडी घासतानाही तेच चालतं.

मला मात्र त्याचं क्रॉफर्ड जास्त आवडलं. मिसिसिपीतलं लहानसं गाव, बाप गवंडी, भाऊ खालून विटा फेकताहेत आणि हा वर झेलतोय. शाळेला दांडी मारताना उपमुख्याध्यापकांनी पकडलं, तर असा पळाला की शिक्षेबरोबर फुटबॉलची टीमही मिळाली. पोराचं चुकलं तरी त्याचे पाय बघणारा माणूस! अशी माणसं प्रत्येक शाळेत एक तरी हवीत. आमच्या वाट्याला आली ती कुंपणापलीकडे.

पण आजोबा, पत्र लिहायला बसले ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. सुरुवातीला सरावात पोराच्या हातून बॉल पडला की तुम्ही काही बोलत नव्हता. गुडघ्यावर हात टेकून वाकायचात, बॉल उचलायचात, चालत जाऊन त्याच्या हातात द्यायचात आणि परत आपल्या जागी जायचात. पडला की पुन्हा तेच. एका संध्याकाळी मी खिडकीतून मोजलं, एकवीस वेळा. भाजी करपली त्या दिवशी.

राइस ज्या टेकडीवर पळायचा, त्या एजवूड पार्कात परवा तुम्ही त्याला नेलंत. अर्ध्यातच दमला म्हणे. घरी येऊन मात्र ग्लव्ह्ज धुतले, स्वतःहून.

काल संध्याकाळी पुन्हा खिडकीत होते. सहातले दोन सुटले. दोन्ही वेळा तुम्ही वाकायच्या आत तो धावला.

सोबत पुरणपोळ्या आहेत. तूप घालून खा, मागच्यासारखा केचप नको.

तुमची शेजारीण