झेडचं शून्य

चि. मुक्तास, अनेक आशीर्वाद.

सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणाऱ्या कोरणयंत्रावर) कोरलेल्या पाटीचा फोटो मिळाला. अक्षरं फुगलीत, पण सगळीकडे सारखीच फुगलीत, तेव्हा टेबल सपाट आहे. बिट, म्हणजे कोरणारं पातं, उगाच बदलू नकोस. चुकलंय ते झेडचं शून्य, म्हणजे वर-खाली जाताना मशीन ज्या उंचीला 0 धरतं ती.

आधी टच प्लेटची, म्हणजे शून्य घेताना बिटाखाली ठेवतो त्या धातूच्या तुकड्याची, जाडी कॅलिपरने मोज. प्लेट 15 मिमीची आणि सॉफ्टवेअरमध्ये 15.5 भरलेलं असेल, तर बिट अर्धा मिलिमीटर जास्तच खाली जाणार. 60 अंशांच्या व्ही-बिटने (टोकदार बिटाने) तेवढ्यात रेघ जवळजवळ 0.6 मिमीने रुंद होते. प्रोब, म्हणजे प्लेटला टेकेपर्यंत बिट आपोआप खाली आणणं, सुरू करण्याआधी प्लेट हाताने बिटाला टेकव आणि स्क्रीनवर सिग्नल येतो का ते बघ. बिटाला लावलेली वायरची क्लिप निसटलेली असली तर मशीन थांबणार नाही, बिट सरळ प्लेटमध्ये घुसेल. आणि स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) चालू करण्याआधी क्लिप काढायची, हे तुला शंभरदा सांगेन.

प्लेटवर विश्वास नसेल तर कागद घे. स्पिंडल बंद, बिटाखाली साधा कागद, शेवटी 0.02 मिमीच्या पायऱ्यांनी खाली ये. कागद सरकताना अडायला लागला की थांब. कागदाची जाडी साधारण 0.1 मिमी असते, म्हणून तिथे 0 न देता 0.1 दे. फार खाली गेलीस तर वर घेऊन पुन्हा वरूनच ये, नाहीतर स्क्रूमधली ढिलाई मापात शिरते.

आता पाटीची कड आरपार का कापली गेली नाही? फळी 12 मिमीची म्हणून घेतलेली असली तरी नेमकी 12 भरेलच असं नाही. वरून शून्य धरलं की जाडीतला फरक सगळा तळाशी जमा होतो. म्हणून कोरीवकामाला शून्य फळीच्या वरच्या पृष्ठावर आणि आरपार कापायला फळीखाली टेबलावर अंथरलेल्या एमडीएफवर, असं मी करतो. बिटागणिक फाइल तू तशीही वेगळी काढतेस, मग शून्यही वेगळं ठेवायला काय हरकत आहे? फक्त फाइलमध्ये जे धरलंस तेच मशीनवर दे. फाइल वरच्या शून्याची आणि मशीन खालच्यावर, असं झालं तर बिट न कापता इकडून तिकडे जातं ती 5 मिमीची सुरक्षित उंची फळीच्या पोटात येते आणि बिट लाकडातून धावायला बघतं. तेव्हा बिट वाचत नाही. उलट झालं तर निदान हवेतच कापत बसतं.

बिट बदललं की एक्स-वाय (आडव्या मापांचं शून्य) तसंच राहू दे, झेड मात्र पुन्हा घे, तेही कोलेट (बिट पकडणारी चिमटी) पूर्ण आवळल्यावर. वीज गेली तर स्पिंडलच्या वजनाने झेड खाली सरकू शकतो, तेव्हा जुन्या शून्यावर पुढे जाऊ नकोस.

सुरू करण्याआधी झेड 10 वर ने आणि फळी व बिट यांच्यामध्ये पट्टी धरून बघ. खालचं शून्य असेल तर 10 च्या जागी फळीच्या जाडीहून मोठा आकडा घे आणि पट्टी एमडीएफवर टेकवून माप. जुळलं तरच स्टार्ट दाब, आणि नव्या पाटीचा फोटो पाठव.

तुझा,
बाबा