गाडीची दुसरी किल्ली: लेकीस पत्र

औसा, जि. लातूर
दि. २० मे २०२५

चि. सौ. रेणू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू मला मध्येच थांबवून, "आई, किल्ली सोडून दुसरं काही तरी बोल ना," असे म्हणालीस आणि मी फोन ठेवला. रागावून ठेवला नाही, हे आधी सांगते. तू रात्रपाळी करून आली होतीस, घरफोडीनंतर कपाटाच्या दारावर ठसेतज्ज्ञांनी टाकलेली पावडर अजून तशीच होती, छकुली रडत होती, आणि अशा वेळी आईने तेच ते विचारले तर कोणत्याही लेकीला वैताग येईल. म्हणून पत्र लिहिते आहे. तुला सवड होईल तेव्हा वाच, पण पूर्ण वाच.

सोन्याचे आधी लिहिते. आजीची बोरमाळ आणि तुझ्या पाटल्या गेल्या याचे दुःख मलाही आहे, पण तुम्ही तिघे त्या रात्री परभणीला लग्नात होतात आणि घरात कोणी नव्हते, एवढ्यासाठी मी तुळजापूरला जाऊन ओटी भरणार आहे. चोरीत गेलेले तुझे नवे मंगळसूत्र हॉलमार्कचे आहे. त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. तो पावतीवर लिहिलेला असेल तर तेवढी पावती तपास अधिकाऱ्यांना नेऊन दे. बोरमाळ जुनी, तिला ना पावती ना क्रमांक, म्हणून तुझ्या लग्नाच्या अल्बममधला तिचा स्पष्ट दिसणारा फोटो मी काढून ठेवला आहे. माल सापडलाच तर ओळख पटवायला तो उपयोगी पडेल. याउपर सोन्याविषयी मला काही म्हणायचे नाही.

आता, जे लिहायचे नाही असे ठरवून बसले होते, तेच लिहिते. शोकेसजवळच्या खुंटीवरून गाडीची दुसरी किल्ली गेली आहे. तुझे म्हणणे मला कळले नाही असे नाही. गाडी तुमच्याबरोबर परभणीला होती, ती सुखरूप आहे, रोजची किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे, सर्व्हिस सेंटरवाले नव्या किल्लीचे काही हजार सांगतात, आणि दरवाजा, कपाट व छकुलीच्या शाळेची फी यांतच या महिन्याचा पगार संपणार आहे. तेव्हा किल्लीचे पुढच्या महिन्यात पाहू, असे तू म्हणतेस. पण रेणू, नवी किल्ली करून घेणे आणि चोराच्या हातातली किल्ली निकामी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले पुढच्या महिन्यावर ढकलता येईल, दुसरे याच आठवड्यात व्हायला हवे.

समोरच्या काकूंचा धाकटा लातूरला एका वर्कशॉपमध्ये गाड्यांचे वायरिंग पाहतो. त्याला ओट्यावर बसवून मी सगळे नीट विचारून घेतले. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. किल्ली इग्निशनमध्ये घालून फिरवली की कुलपाभोवती बसवलेले तारेचे वेटोळे त्या चिपचा सांकेतिक क्रमांक वाचते, आणि तो गाडीच्या संगणकात नोंदलेला असेल तरच इंजिन चालू होते. याला इमोबिलायझर म्हणतात. चौकातल्या किल्लीवाल्याने नुसते पाते कापून दिले तर दार उघडेल पण गाडी चालू होणार नाही, ती यामुळेच. मात्र चोरीला गेलेली किल्ली अस्सल आहे. तिचा क्रमांक तुझ्या गाडीला आजही ओळखीचा आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर जोडून जुन्या सगळ्या किल्ल्यांची नोंद पुसतात आणि समोर ठेवलेल्या तेवढ्याच किल्ल्या पुन्हा नोंदवतात. बहुतेक गाड्यांत हातात एकच किल्ली असली तरी हे काम होते. जाताना आरसी, आधार कार्ड आणि एफआयआरची प्रत बरोबर ठेव, कारण किल्ली मागणारा माणूस गाडीचा मालकच आहे याची खात्री त्यांनाही करावी लागते, आणि ती त्यांनी करावी हेच बरे.

एवढ्यानेही काम पुरे होत नाही. नोंद पुसली तरी किल्लीचे लोखंडी पाते तसेच राहते, आणि ते दाराच्या कुलपात फिरतेच. म्हणजे गाडी चालू होणार नाही, पण दार उघडेल. त्यासाठी दारांचे आणि इग्निशनचे कुलूप बदलावे लागते. त्याला लॉक सेट म्हणतात. खर्च त्यातच जास्त आहे, आणि तो तू टाळणार हे मला ठाऊक आहे, म्हणून या महिन्याची माझी पेन्शन मी बाजूला ठेवली आहे. जावईबापूंना सांगायचे की नाही ते तू ठरव. नाही म्हणू नकोस.

एफआयआरबद्दल एक विचारते. तू व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत मी भिंगाने वाचली. भारतीय न्याय संहितेची ३०५ आणि ३३१ ही कलमे लावली आहेत, दागिने आणि रोख रक्कम लिहिली आहे, पण गाडीच्या किल्लीचा आणि मागच्या दाराच्या किल्ल्यांच्या जुडग्याचा उल्लेख मला कुठे दिसला नाही. तो राहिला असेल तर ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब नोंदवून घे. उद्या, न होवो, गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि एक नाही म्हटल्यावर शंभर प्रश्न विचारते. त्याआधीच कंपनीला ईमेल करून किल्ली चोरीला गेल्याचे कळवून ठेव. तुझ्या पॉलिसीत किल्ली बदलण्याचे जोड-संरक्षण घेतलेले आहे का, तेही त्यातच विचार. असेल तर माझे पैसेही लागणार नाहीत.

घराविषयी मी फारसे बोलणार नाही, कारण ते तुझे बाबा पाहणार आहेत. त्यांनी तुला काही विचारले नाही याचा अर्थ त्यांना काळजी नाही असा घेऊ नकोस. बातमी आल्यापासून ते रात्री उठतात आणि आपल्याच दाराची कडी ओढून पाहतात. त्यांचे म्हणणे असे की अल्ड्रॉपला बाहेरून लावलेले कुलूप रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की घरात कोणी नाही, आणि कोयंडा उचकटायला एक पहार पुरते. म्हणून दाराच्या फळीतच बसणारे कुलूप हवे, आणि त्याची जीभ ज्या चौकटीत शिरते ती पट्टी लांब स्क्रूंनी चौकटीच्या आतपर्यंत पकडलेली हवी; कुलूप कितीही महागाचे असले तरी चौकट किडकी असेल तर एका लाथेत दार उघडते. मागच्या दाराचे कुलूप तर बदलायलाच हवे, कारण तो जुडगाही त्याच माणसाजवळ आहे. गच्चीवरच्या जिन्याच्या दाराला नुसती खिटी आहे, हे मला दिवाळीतच दिसले होते. कॅमेरे बसवणार असाल तर डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोही घेऊन जातात. माळ्यावर किंवा आतल्या कपाटात ठेवा, आणि त्याला इन्व्हर्टरची लाईन द्या.

आपल्या जुन्या वाड्याला यातले काही नव्हते. ढेलजेच्या दाराला सागवानी अडसर होता, तो रात्री भिंतीतल्या खोबणीतून ओढून घेतला की दोन माणसांनाही दार हलत नसे. उन्हाळ्यात सगळे घर माळवदावर झोपायला जाई, पण तुझे आजोबा उकाडा सोसत ढेलजेतच पडत, उशाशी काठी घेऊन. आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. एकदा येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत, चुन्याचे खडे वेचायला वाकली असताना, तिच्या जुडग्यातून लोखंडी पेटीची किल्ली पडली. त्या पेटीत जुनी लुगडी आणि एक तांब्या याशिवाय काही नव्हते. तरी घरी आल्यावर चूळ भरण्याआधी तिने लोहार बोलावला, कुलूप तोडायला लावले आणि नवे आणवले. मी सून म्हणून नवीनच होते, मला ते अति वाटले. मी तसे म्हणाल्यावर ती म्हणाली, "कुलूप आपलं अन् किल्ली दुसऱ्याजवळ, मंग ती पेटी आपली कशाची गं?" लोहार कुलपावर छिन्नी ठेवून घाव घालत होता आणि ती शेजारी बसून एकटक पाहत होती, ते मला आजही दिसते. तुझा स्वभाव तिच्यावर गेला आहे असे सगळे म्हणतात. मग या एका बाबतीत तू तिच्यासारखी का नाहीस?

पण घर बंद करण्याच्या भरात एक विसरू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची, भूकंपाची पहाट तुला आठवणार नाही, तू चार वर्षांची होतीस. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर या गावांत दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आपले घर उभे राहिले, पण हादऱ्याने चौकट अशी आवळली की अडसर निघेना. छतातून माती अंगावर पडत होती, तू बाबांच्या खांद्यावर होतीस, आणि ज्या दाराचा आम्हाला एवढा भरवसा होता तेच दार उघडत नव्हते. शेवटी काकांनी पहारीने चौकट फोडली. म्हणून सांगते, आतून उघडायला किल्ली लागेल असे कुलूप बसवू नका. आतल्या बाजूला हाताने फिरवायची मूठ असलेले घ्या. खिडक्यांना ग्रिल लावाल तेव्हा निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप ठेवा. घरात गॅस आहे, लहान मूल आहे. अंधारात, घाबरलेल्या माणसालाही बाहेर पडता आले पाहिजे.

बघ, पुन्हा शिकवणीच सुरू झाली. जन्मभर वर्गात उभी राहिले, ती सवय जात नाही. राग मानू नकोस. तुला यातले बरेच ठाऊक असणार, आणि जे ठाऊक नाही ते तू माझ्यापेक्षा लवकर शोधून काढशील.

तरीही किल्लीकडे परत येते, कारण जे खरे म्हणायचे आहे ते फोनवर माझ्या तोंडून निघाले नाही. मला गाडी जाण्याची भीती वाटत नाही. गाडी गेली तर विमा आहे, आणि विमा नाही मिळाला तरी पुन्हा घेता येईल. तू रात्री घाटी रुग्णालयातून सुटतेस, पार्किंगच्या टोकाला उभ्या केलेल्या गाडीकडे एकटी चालत जातेस, थकलेली असतेस आणि मागच्या सीटकडे न पाहता दार उघडून बसतेस. ज्या माणसाने तुझ्या घरातली खुंटी पाहिली आहे, ज्याने कपाटातली फाईल उलटीपालटी केली तेव्हा आरसीच्या झेरॉक्सवर तुझे नाव आणि गाडीचा नंबर वाचला असेल, त्याच्या खिशात त्या दाराची किल्ली आहे. तो तसा काही करणार नाही, त्याने ती किल्ली कधीच नाल्यात फेकली असेल, असे तू म्हणशील, आणि बहुधा तसेच असेल. बाबाही तसेच म्हणतात. पण लॉक सेट बदलेपर्यंत मला रात्रपाळीच्या दिवशी झोप लागत नाही. तोवर गाडी दिव्याखाली, सुरक्षारक्षकाच्या केबिनजवळ उभी कर, आणि बसण्याआधी टॉर्चने आत पाहा. एवढे माझ्यासाठी कर.

आपल्या घराण्यात गाडी चालवणारी तू पहिली बाई आहेस. स्वतःच्या पगारातून हप्ते भरून घेतलेली गाडी तू पहिल्यांदा औशाला आणलीस तेव्हा वेशीपासून घरापर्यंत पोरे मागे धावली होती, आणि बाबांनी बोनेटवर हळदकुंकू वाहताना चष्मा काढून डोळे पुसले होते. मी तुला गाडी चालवू नकोस किंवा रात्रपाळी सोड असे म्हणत नाही. तसे माझ्या तोंडून कधी निघालेच तर ऐकू नकोस. चोराच्या भीतीने तुझे येणे-जाणे आखडावे असे मला मुळीच वाटत नाही. म्हणून तर एवढे त्या किल्लीच्या मागे लागले आहे.

येत्या रविवारी बाबा लातूरहून पहाटेच्या एसटीने निघतील. ते चौकटीची मापे घेऊन सुताराशी बोलतील. त्यांच्याबरोबर पैसे, अल्बममधला फोटो आणि छकुलीसाठी धपाट्यांचे पीठ पाठवते. सोमवारी तुला सुट्टी असेल तर गाडी सर्व्हिस सेंटरला नेताना त्यांना बरोबर घेऊन जा. ते काही बोलणार नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांदेखत झाले म्हणजे मलाही ते नीट कळेल. जावईबापूंना नमस्कार, छकुलीला पापा.

तुझी,
आई

ता. क. — गाडी नवीन घेतली तेव्हा किल्ल्यांबरोबर क्रमांक छापलेली एक छोटी पट्टी मिळाली होती. त्या क्रमांकावरून किल्लीचे पाते बनवता येते. ती पट्टी चोरीला गेलेल्या किल्लीच्याच कडीत अडकवलेली होती का, हे आठवून सर्व्हिस सेंटरवाल्यांना सांग. घरात सापडली तर घरात ठेवू नकोस, बाबांबरोबर इकडे पाठव.