वॅट आधी, कूलर नंतर

ऐरोली, नवी मुंबई
१८ एप्रिल २०२५

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इंटेलचा आय७-१४७००के प्रोसेसर, घोडबंदर रोडवरची पश्चिमेची खोली, रात्र-रात्र चालणारं रेंडरिंग आणि त्यावर ओव्हरक्लॉक, म्हणजे चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. आता प्रश्न काय, तर टॉवर कूलर (धातूच्या पत्र्यांचा गठ्ठा आणि पंखा) घ्यायचा की लिक्विड (पाणी फिरवणारा). उत्तर देतो, पण त्याआधी वॅटचा हिशेब झालाच पाहिजे. कूलरला गिगाहर्ट्झ कळत नाहीत, त्याला फक्त वॅट कळतात.

प्रोसेसरची उष्णता क्लॉकच्या, म्हणजे वेगाच्या, प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समज, १.२० व्होल्टवर तो २०० वॅट खातोय. क्लॉक पाच टक्के वाढवण्यासाठी तू व्होल्टेज १.३५ केलंस. १.३५ भागिले १.२० याचा वर्ग होतो १.२७, त्याला १.०५ ने गुणलं की १.३३. म्हणजे वेग पाच टक्के वाढला आणि उष्णता तेहतीस टक्के, २०० चे २६६ वॅट. इंटेलने या चिपची टर्बोतली (भार आला की आपोआप वाढणाऱ्या वेगातली) कमाल मर्यादा २५३ वॅट ठेवली आहे, आणि बरेच मदरबोर्ड मल्टी-कोअर एन्हान्समेंटच्या नावाखाली तीही उठवून टाकतात.

दुसरी गोष्ट खोलीची. चाचण्यांचे बहुतेक आकडे २१ ते २५ अंशांच्या खोलीतले असतात. तुझ्या खोलीत मे महिन्यात दुपारी एसी बंद असताना ३४ अंश सहज असतील. खोली बारा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढ्याच अंशांनी तापतो. चाचणीत ८५ दिसलं असेल तर तुझ्याकडे ९७ समज, आणि ही चिप १०० अंशांना स्वतःच वेग कमी करते.

आता ढोबळ हिशेब मांडतो. चांगल्या दुहेरी टॉवरमध्ये (दोन गठ्ठ्यांच्या) या चिपचं तापमान दर वॅटमागे साधारण ०.२८ ते ०.३० अंश चढतं, ३६० मिमी रेडिएटरच्या (पाण्याची उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीच्या) लिक्विडमध्ये ०.२५ च्या आसपास. टॉवर कॅबिनेटच्या आतली हवा ओढतो आणि ती खोलीपेक्षा चार अंश तरी गरम असते. म्हणजे सुरुवातच ३८ पासून. ९० अंशांच्या आत राहायचं तर उरले ५२ अंश, म्हणजे १८० वॅट. लिक्विडचा रेडिएटर पुढे बसवून थेट खोलीची हवा दिली तर उरतात ५६ अंश, म्हणजे सव्वादोनशे वॅट. बघ, पूर्ण २५३ वॅट मे महिन्यात दोघांनाही आरामात पेलत नाहीत. लिक्विडने तुला मिळतात चाळीसेक वॅट, आणि रेंडरच्या वेळेत त्यांचा फरक चार-सहा टक्क्यांपलीकडे फारसा जात नाही, कारण वरचे वॅट फार कमी वेग विकत घेतात.

लिक्विडबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. सीलबंद लिक्विड कूलर, ज्याला सगळे एआयओ म्हणतात, फ्रिजसारखं पाणी खोलीपेक्षा थंड करत नाही. तो उष्णता चिपपासून लांब नेऊन मोठ्या रेडिएटरवर पसरवतो, आणि शेवटी ती हवेतच जाते. त्यात पाण्याची उष्णताधारकता मोठी, म्हणून पहिले काही मिनिटं आकडे फार छान दिसतात. ३०० ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला साधारण साडेबाराशे ज्यूल लागतात, म्हणजे २५० वॅटला पाच सेकंद. रेडिएटर उष्णता फेकत असतो म्हणून हे लांबतं, पण दहा-वीस मिनिटांत पाणी तापून स्थिर होतं आणि खरा आकडा तेव्हाच दिसतो. दोन मिनिटांच्या चाचणीवर कोणी लिक्विडचं कौतुक केलं तर ते मनावर घेऊ नकोस.

आणि दोन्ही कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात दव धरण्याची भीती नको. फक्त बर्फाचं पाणी, पेल्टियर (विजेवर गार होणारी पट्टी) असले प्रयोग इथे करू नकोस. जुलैत आपल्याकडे दवबिंदूच पंचविसाच्या आसपास असतो, त्याहून गार झालेल्या प्रत्येक भागावर पाणी सुटेल आणि सॉकेटमध्ये, म्हणजे चिप बसते त्या खाचेत, उतरेल.

बिघडण्याची तऱ्हा दोघांची वेगळी, आणि माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो. टॉवरचा पंखा खराब झाला तर आधी घरघरतो, मग थांबतो, तरी तांबं आणि ॲल्युमिनियमचा तो गठ्ठा थोडा वेळ धग सोसतो. दुसरा १२० मिमीचा पंखा लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळतो. एआयओचा पंप थांबला तर काही सेकंदांत चिप १०० वर जाऊन वेग पाडते, आणि पंप सुटा बदलता येत नाही. शिवाय रबरी नळ्यांतून पाणी वर्षानुवर्षं सूक्ष्म प्रमाणात उडत राहतं, त्या जागी हवा जमते, पंप कुरकुरतो. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याची कोल्ड प्लेट (चिपवर टेकणारी) एकाच पाण्यात असल्याने गंजाचा गाळ बारीक खाचांत अडकतो. पाच-सहा वर्षांचं आयुष्य धरून चल. शेजारच्या खोलीत काका झोपतात म्हणालास, तर पंपाचा तो बारीक सूर रात्री पंख्याच्या आवाजापेक्षा जास्त टोचतो, हेही लक्षात घे.

आणखी एक फायदा टॉवरचा, जो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. त्याची हवा सॉकेटशेजारच्या व्हीआरएमवर, म्हणजे चिपला वीज पुरवणाऱ्या भागावर, जाते. लिक्विडच्या पंपाखाली तिथे हवाच नसते, आणि ओव्हरक्लॉक करताना सगळा भार तिथूनच जातो. साध्या बोर्डावर व्हीआरएम तापून वेग पडतो आणि माणूस उगाच कूलर बदलत बसतो. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३ मध्ये पंपावर यासाठी छोटा पंखा दिलाय, पण त्याचा रेडिएटर ३८ मिमी जाड, पंखे धरून ६३ मिमी. तुझ्या कॅबिनेटच्या छताखाली तो रॅमला आणि व्हीआरएमच्या हीटसिंकला अडेल.

टॉवरचंही माप आधी घे. नॉक्टुआ एनएच-डी१५ १६५ मिमी उंच आणि दोन पंख्यांसह १३२० ग्रॅम, पुढच्या पंख्याखाली रॅमला ३२ मिमीच जागा. तुझ्या कॅबिनेटची मर्यादा १६० लिहिली आहेस, म्हणजे तो बाद. डीपकूल एके६२० बरोबर १६० चा, म्हणजे काचेला टेकण्याइतका. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ चा, सहा हीट पाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा), आणि मोठ्या लिक्विडच्या किमतीत असे दोन तरी येतात. मी हाच घे म्हणेन.

ओव्हरक्लॉकचं मात्र थोडं वेगळं सांगतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत (तुझी चिप चौदावीतली) जास्त व्होल्टेजमुळे चिपा कायमच्या अस्थिर होण्याचा प्रश्न निघाला होता. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड, म्हणजे बायोसमधून येणाऱ्या चिपच्या दुरुस्त्या, दिले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. तेव्हा सगळ्यात आधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) नवा कर. मग व्होल्टेज वाढवू नकोस, उलट बायोसच्या ॲडॅप्टिव्ह मोडमध्ये ऑफसेट, म्हणजे नेहमीच्या व्होल्टेजमधली घट, उणे ०.०३ व्होल्टपासून सुरू करून ०.०१ च्या पायऱ्यांनी खाली जा. वाचलेल्या वॅटमध्ये पी-कोअर (चिपमधले वेगवान कोअर) एक पायरी, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ वर ने. लोड-लाइन (भाराखाली व्होल्टेज किती पडू द्यायचं ती सेटिंग) मधल्या पातळीवर ठेव, कमाल केलीस तर भार सुटताना व्होल्टेज उसळी मारतं. बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठव. डिसेंबर-जानेवारीसाठी पीएल१ आणि पीएल२ (सलग आणि थोड्या वेळाच्या भाराच्या वॅट-मर्यादा) दोन्ही २०० वॅट, एप्रिल ते जूनसाठी १८०.

बसवताना कूलरच्या तळाच्या प्लेटवरची प्लास्टिकची पातळ फिल्म काढलीस का, दोनदा बघ. ती राहिली की पहिल्याच मिनिटाला १०० दिसतात. एलजीए १७०० ची (तुझ्या सॉकेटची) चिप लांबट असते, तिला मधोमध एकच ठिपका पुरत नाही. थर्मल पेस्टची (चिप आणि कूलरमधली फट भरणाऱ्या लेपाची) फुलीसारखी रेघ मार. स्क्रू एकीकडचे दोन फेरे, दुसरीकडचे दोन, असे आळीपाळीने आवळ. एकच बाजू आधी घट्ट केली तर प्लेट तिरकी बसते आणि एकाच टोकाचे कोअर दहा अंशांनी जास्त तापतात. कूलरच्या पंख्यांच्या चौकटीवरचे हवेची दिशा दाखवणारे बाण कॅबिनेटच्या मागच्या जाळीकडे असू देत. तुझ्याकडे बांधकामाची धूळ फार, म्हणून हवा आत ओढणारे पंखे जास्त ठेव, त्यांना जाळी लाव, आणि दर दोन महिन्यांनी ब्लोअर मार. तेव्हा पाती बोटाने धरून ठेव, मोकळी फिरली तर बेअरिंग जातं.

मग दार बंद, एसी बंद, दुपारी तीन वाजता सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) तीस मिनिटं चालव आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वॅट दाखवणारा प्रोग्राम) उघडा ठेव. पॅकेज पॉवर, सगळ्यात तापलेला कोअर, व्हीआरएम आणि थ्रॉटलिंगची (तापून वेग पाडल्याची) नोंद, एवढंच बघ. ९० च्या आत राहिला तर रात्रीच्या रेंडरला काळजी नाही. वर गेला तर दहा वॅट कमी कर, पंख्यांचा वेग चढवत बसू नकोस.

उद्या खोलीत दिवसभर एसी लागला आणि रेंडरच रोजीरोटी झाली, प्रत्येक तास मोलाचा झाला, तर ३६० चं लिक्विड जरूर घे. तेव्हा रेडिएटर पुढे उभा, नळ्या खाली, आणि रेडिएटरची वरची कड पंपापेक्षा उंच, म्हणजे जमलेली हवा पंपात शिरणार नाही. पंप पूर्ण वेगावर ठेव, पंखे तेवढे तापमानाप्रमाणे फिरू दे.

पैसे भरण्याआधी पट्टीने तुझ्या रॅमची उंची मोज आणि काच काढून कॅबिनेटचा आतला फोटो पाठव. रॅमवर उंच हीटसिंक असेल तर पुढचा पंखा वर सरकवावा लागेल, आणि तुझ्याकडे वर फक्त पाच मिमी आहेत.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अनिकेत